मुलगा रडला नव्हता

त्या खोलीत नऊ खुर्च्या होत्या आणि नऊ मशिनं. खुर्ची म्हणायची एवढंच; पाय लांब करून पाठ टेकता येईल अशी ती अर्धी खाटच होती. ज्यांच्या किडन्यांनी हात टेकले होते अशी माणसं आठवड्यातून तीनदा तिथं यायची, वजनकाट्यावर उभी राहायची आणि मग चार-चार तास आपला हात मशीनच्या स्वाधीन करून पडून राहायची. मशीन त्यांचं रक्त बाहेर ओढायचं, धुवायचं आणि परत आत सोडायचं. एक खेप चुकली तर पाय सुजायचे, दोन चुकल्या तर श्वास अडायचा. त्यापुढचं त्या खोलीत कुणी मोठ्यानं बोलत नसे.

खोली सिस्टरांच्या ताब्यात होती. वय चव्वेचाळीस, त्यातली एकोणीस वर्षं इथंच गेलेली. कुठलं मशीन शिट्टी मारतंय हे त्या पाठमोऱ्या उभ्या असतानाही सांगायच्या. त्यांचा हात हलका होता. सुई गेली कधी ते कळत नाही, असं पेशंट म्हणायचे आणि सुट्टीच्या दिवशी दुसरं कुणी टोचायला आलं की तोंड वाकडं करायचे. पण सिस्टरांची खरी ख्याती होती ती ऐकून घेण्याची. चार तास पडून माणूस करणार काय? थोडा वेळ टीव्हीकडे बघतो, थोडा वेळ छताकडे, आणि मग बोलायला लागतो. दर अर्ध्या तासानं ब्लडप्रेशर घ्यायला सिस्टर यायच्या, पट्टा गुंडाळायच्या आणि दोन मिनिटं तिथंच थांबायच्या. त्या दोन-दोन मिनिटांत एकोणीस वर्षांत त्यांच्या कानावर काय काय पडलं असेल याला गणती नव्हती.

हे सगळं डोक्यात घेऊन त्या घरी जायच्या. नवरा माणूस भला, पण घासाशी रक्ताचं नाव निघालं की ताट सरकवायचा. "तुझं दवाखान्याचं दवाखान्यात ठेव बाई," म्हणायचा. ऐकायची ती एकटी लेक. ती कॉलेजात गेली आणि तिलाही आईच्या गोष्टी ऐकायला वेळ पुरेना, तेव्हा तिनंच आईच्या फोनवर एक पान उघडून दिलं. नाव ठेवलं 'खुर्चीपाशी'. "मला सांगतेस ते इथं लिही," ती म्हणाली. "नावं गाळायची की झालं. तुझंही टाकू नकोस."

सिस्टर लिहायला लागल्या. ड्यूटी संध्याकाळी सहाला संपायची. दवाखान्याच्या मागच्या फाटकासमोर बसथांब्याचा बाक होता, तिथं बसून त्या अंगठ्यानं लिहायच्या, आणि लिहिण्याच्या नादात एखादी बस सोडायच्यासुद्धा. त्या नियमानं चालणाऱ्या होत्या. पेशंटचे फोटो फोनवर टाकायचे नाहीत असं दवाखान्याचं पत्रक होतं, आणि त्यांनी कधी खोलीच्या दाराचासुद्धा फोटो टाकला नव्हता. नाव नाही, गाव नाही, खुर्चीचा नंबर बदललेला, वय पाच वर्षं इकडेतिकडे केलेलं. एवढं केलं म्हणजे माणूस झाकला गेला, अशी त्यांची समजूत होती. दोन वर्षांत अकरा हजार लोक ते पान वाचायला लागले. 'तुमच्यामुळे आईला समजून घेता आलं,' असं कुणी लिहायचं, तर कुणी नुसतेच हात जोडायचं. आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेरचं कुणीतरी त्यांचं ऐकत होतं, आणि त्या सुखाची सवय लागायला माणसाला दोन वर्षं पुष्कळ झाली.

चार नंबरच्या खुर्चीवर दुपारच्या पाळीला एक काका यायचे. एकसष्ट वर्षांचे, छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासलेले. मजकुरातली चूक दिसली की त्यांना खाज सुटायची. खोलीतल्या पाटीवरच्या 'कृपया चपला बाहेर काढुन ठेवाव्यात' मधला ऱ्हस्व 'ढु' त्यांनी खिशातल्या पेनानं दीर्घ केला होता. पहिल्या दिवशी सिस्टरांनी, "कसं वाटतंय, काका?" असं विचारलं तर म्हणाले, "सासुरवाडीला आल्यासारखं. आठवड्यातून तीनदा बोलावणं, पाय पसरून बसायला खुर्ची. पण असली कसली सासुरवाडी, जिथं जावयाला पाणीसुद्धा मोजून देतात?" डायलिसिसच्या माणसाला पाणी खरंच मोजून प्यावं लागतं, त्यामुळे बाकीच्या आठही खुर्च्या हसल्या. पुढे ते दर खेपेला दारातून आत येतानाच विचारायचे, "जावई आले, कुणी उठलं की नाही?" आणि सगळी खोली जरा सैल व्हायची.

त्यांचं बोलणं असं हसतखेळत असायचं. पण एका शनिवारी ते गप्प होते. दुसऱ्यांदा प्रेशर घेताना सिस्टरांनी विचारलं, "काका, आज काय जावई रुसले का?"

काकांनी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. तिथला माणूस घोरत होता.

"मुलाची किडनी जुळली होती," ते हळूच म्हणाले.

सिस्टरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. काकूंना साखरेचा आजार, त्यामुळे त्यांची चालणार नव्हती आणि मुलाची जुळली नाही, असं फायलीवर नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

"बाहेरून केलेले सगळे रिपोर्ट चांगले आले होते. कागद घेऊन तो घरी आला. त्याची आई दवाखान्यात, म्हणजे साखर तपासायला गेलेली. माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, बाबा, माझ्यानं नाही व्हायचं. सूनबाईला सातवा महिना होता तेव्हा. भ्यालं होतं पोर." काकांनी घोरणाऱ्याकडे पुन्हा एकदा बघितलं. "मी म्हटलं, बरं. आईला सांगू, जुळली नाही. झालं, तेवढंच. दोन वर्षं झाली. त्याची आई देवापुढे अजून म्हणते, माझ्या लेकाची जुळली असती तर त्यानं एका पायावर दिली असती. मी मान हलवतो."

"तुम्हाला राग नाही आला?"

"राग कसला. त्याच्या जागी मी असतो तर मीही भ्यालो असतो. फक्त सिस्टर, खोटं एकट्यानं सांभाळायला जड जातं. आज तुम्हाला सांगितलं, जरा हलकं वाटतंय."

त्या दिवशी बाकावर बसून सिस्टरांनी दोन बसा सोडल्या. इतकं मनापासून त्यांनी कधीच लिहिलं नव्हतं. एक बाप मुलाची लाज राखण्यासाठी रोज खोटं बोलतो, मान हलवतो, आणि त्याची किंमत आठवड्यातून तीनदा आपल्या हातातून मोजतो. वय छप्पन्न केलं, खुर्ची सात नंबरची केली, छापखान्याचं नाव काढलं नाही. शेवट जरा कोरडा वाटला म्हणून मुलगा बापाच्या मांडीवर डोकं ठेवून रडला आणि बापानं त्याला आशिर्वाद दिला, असं घातलं. आणि माणूस डोळ्यांसमोर उभा राहावा म्हणून त्याच्या तोंडचं ते सासुरवाडीचं वाक्य जसंच्या तसं टाकलं. ते गाळायला हवं होतं हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यात ना नाव होतं, ना गाव.

लोकांनी लेख डोक्यावर घेतला. रविवार संपेपर्यंत तो चाळीस हजार जणांनी पुढं पाठवला होता. सोमवारी सिस्टरांच्या नणंदेनं तो त्यांनाच पाठवला, त्यांचं पान कापून, नुसता मजकूर. खाली लिहिलं होतं, 'वाच गं, कुणीतरी फार सुंदर लिहिलंय. तुमच्या क्षेत्रातलं आहे.' सिस्टर स्वयंपाकघरात उभ्या राहून हसल्या. लेकीला दाखवलं. लेक म्हणाली, "आई, तू फेमस झालीस."

मंगळवारी चार नंबरची खुर्ची रिकामी राहिली. काकांची खेप कधी चुकायची नाही. सिस्टरांनी घरी फोन लावला, कुणी उचलला नाही. गुरुवारी काका आले. दारातून काही बोलले नाहीत. वजन केलं तर साडेपाच किलो जास्त भरलं, सगळं पाणी. पायांवर बोट दाबलं की खळगा पडत होता. सिस्टरांनी सुया लावल्या, मशीन सुरू केलं. तासभर काका डोळे मिटून होते. प्रेशर घ्यायला सिस्टर आल्या, पट्टा गुंडाळला, तेव्हा डोळे न उघडताच ते म्हणाले, "सिस्टर, तुमच्या लेखात दोन चुका आहेत."

सिस्टरांचा हात पंपावर तसाच राहिला.

"रात्री डोळे ताणून मी तो स्वतः वाचला. आशीर्वादमधला शी दीर्घ असतो. तुम्ही ऱ्हस्व काढलाय. आणि मुलगा रडला असं लिहिलंय. मुलगा रडला नव्हता. तो कागद टेबलावर ठेवून निघून गेला. रडलो मी. न्हाणीघरात, नळ सोडून."

"काका," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"या गोष्टी मी जगात एकाच माणसाला सांगितल्या होत्या," काका म्हणाले. आवाजात धार नव्हती, त्यानं जास्त लागलं. "हिच्या बहिणीनं हिला पाठवलं. माझे डोळे आता दुखतात, म्हणून ही रात्रीच्या जेवणाआधी मला काहीबाही वाचून दाखवते. सोमवारी म्हणाली, ऐका हो, किती छान आहे. मी ऐकत होतो. म्हटलं, आहे बुवा माझ्यासारखाच कुणीतरी. मग ते वाक्य आलं. ही निम्म्यात थांबली. हे वाक्य ती माझ्या तोंडून दोन वर्षं ऐकतेय. फोन बाजूला ठेवला आणि मला विचारलं, जुळली होती? बस, एवढंच विचारलं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"चौतीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी एकदाच खोटं बोललो होतो, ते पकडलं गेलं. काय सांगणार?"

मशीन आपल्या लयीत फिरत होतं. सिस्टरांनी तो लेख तिथंच उभ्याउभ्या काढून टाकला आणि फोन काकांपुढे धरला. "काढला मी, काका. आत्ता काढला. माझी फार मोठी चूक झाली."

काकांनी बघितलं नाही. "राहू द्या. छापून बाहेर गेलेला मजकूर कुणाला परत आणता येतो का?" मग म्हणाले, "तुमच्यावर राग नाही माझा. लिहिलंय चांगलं. पण आता तुमच्याशी बोलता येणार नाही, एवढं समजून घ्या."

पुढच्या आठवड्यापासून त्यांनी सकाळची पाळी मागून घेतली, जिथं दुसऱ्या सिस्टर होत्या. काकांच्या घरी काय झालं ते सिस्टरांना तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. काकूंनी मुलाला फोन करून घराची पायरी चढू नकोस म्हणून सांगितलं. मुलगा तरी आला. दारातच उभा राहून म्हणाला, बाबा, आता देतो. काका म्हणाले, आता तू देशील ती लाजेनं, आणि लाजेनं दिलेली किडनी मला नको. मोठ्या डॉक्टरांनीही हात वर केले. देणाऱ्याला अवयवदानाच्या समितीपुढे एकट्याला बसवून विचारतात, कुणाच्या दबावाखाली नाही ना, आणि या पोराची तर आईपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी मान धरली होती. काकू नवऱ्याशीही बोलेनात. त्यांचं म्हणणं, मुलानं जे केलं ते केलं, पण तुम्ही दोन वर्षं मला वेडी ठरवलंत. जेवण वाढायच्या, औषधं काढून ठेवायच्या, एक शब्द नाही.

सिस्टरांना चैन पडेना. त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं. डॉक्टरांनी चष्मा वर केला. "नाव होतं?"

"नाही."

"फोटो? दवाखान्याचा उल्लेख?"

"नाही सर."

"त्यांनी तक्रार दिलीय?"

"ते देणार नाहीत."

"मग मी काय करू, सिस्टर? काढलंय ना तुम्ही? विषय संपला. मीसुद्धा वाचला होता तो, मला वाटलं परदेशातला कुठला तरी असेल." दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर जुनंच पत्रक नव्यानं लागलं, तारीख तेवढी बदलून.

लेकीला सांगितलं तेव्हा ती आधी भांडली. "पण आई, आपण नाव टाकलंच नव्हतं ना." मग तिनं आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिनंच ते पान बंद करून दिलं. पण लेख फिरतच राहिला. कुणी त्याला पेटीवादनाचे सूर लावले, कुणी तो स्वतःच्या नावावर खपवला. एका डॉक्टरानं तो कॅमेऱ्यासमोर डबडबल्या डोळ्यांनी वाचून दाखवला.

काकांच्या खेपा चुकायला लागल्या. सकाळच्या सिस्टर वहीत नोंद करून ठेवायच्या, 'आले नाहीत'. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा. सिस्टर रोज ड्यूटीवर आल्या आल्या ती वही उघडायच्या. एक दिवस राहवेना म्हणून त्यांनी खोलीच्या फोनवरून लावला. काकांनीच उचलला. श्वास लागलेला ऐकू येत होता.

"काका, या हो. वाटलं तर मी त्या दिवशी सुट्टी टाकते. पण या."

"तुमच्यामुळे नाही, सिस्टर," काका अडखळत म्हणाले. "रिक्षात बसायचं, तिथवर यायचं, चार तास पडायचं, परत घरी जायचं. घरी जायचं कशाला, हा प्रश्न पडतो. दमलो."

"काकूंसाठी या."

काकांनी फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. त्यांनी तो नुसता बाजूला ठेवला असावा. बराच वेळ सिस्टरांना त्या घरातलं भांड्यांचं वाजणं ऐकू येत होतं.

नऊ दिवसांनी ते गेले. छातीत पाणी भरलं होतं. काकूंनीच त्यांना दवाखान्यात आणलं, पण आणेपर्यंत उशीर झाला होता.

पंधरवड्यानं त्यांचा मुलगा फाईल न्यायला खोलीत आला. तीस-बत्तीसचा, दाढी वाढलेली. नाकासमोर चालणारा, चारचौघांसारखा मुलगा. सिस्टरांनी फाईल काढून दिली, सही घेतली. जाता जाता तो थांबला.

"तुम्हीच दुपारच्या सिस्टर ना? बाबा तुमच्याबद्दल खूप सांगायचे. हात हलका आहे म्हणायचे." मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "एक विचारू? तो लेख इथल्याच कुणीतरी लिहिला असणार. बाबांना विचारलं तर म्हणाले, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं ऐकलं असेल. कोण होता हो तो?"

शेजारच्या खुर्चीवरचा घोरणारा माणूस आजही तिथंच घोरत होता. सिस्टरांना कळलं, आपल्यावरही पांघरूण घालून काका गेले. तोंड मिटून बसणं सोपं होतं.

"मी लिहिला," त्या म्हणाल्या.

मुलानं त्यांच्याकडे बघितलं. तो ओरडेल, हात उगारेल असं त्यांना वाटलं. त्यांची तयारी होती. तो शेजारच्या रिकाम्या स्टुलावर बसला आणि फाईल मांडीवर ठेवून तिचे कोपरे सरळ करत राहिला.

"तुम्ही लिहिलंय मी रडलो म्हणून," तो शेवटी म्हणाला.

"मी मनानं घातलं होतं ते. चूक झाली."

"आई त्यावरच तगून आहे आता. म्हणते, नाही म्हणाला, पण निदान रडला तरी. तेवढ्यासाठी मला घरात घेते. परवा मला म्हणाली, तू बाबांच्या मांडीवर डोकं ठेवलंस ना, ते मला एकदा सांग." त्यानं वर बघितलं. "मी सांगितलं. सगळं सांगितलं, तुम्ही लिहिलंय तसं. कसा रडलो, बाबांनी पाठीवरून हात कसा फिरवला. आता ती रोज विचारते."

सिस्टरांनी सहीची वही मिटून बाजूला ठेवली.

"आईकडे येऊ नका," तो उठताना म्हणाला. "माफी मागायला वगैरे. तुम्ही खरं सांगून बसाल." आणि फाईल काखेत मारून निघून गेला.

काका सकाळच्या पाळीला गेल्यापासून दुपारची चार नंबरची खुर्ची आठवडाभरसुद्धा रिकामी राहिली नव्हती. यादी मोठी होती. तिथं आता एक शिक्षिका यायला लागल्या, पन्नाशीच्या, नुकत्याच आजारी पडलेल्या. पहिले दोन आठवडे त्या घाबरून गप्प असायच्या. तिसऱ्या आठवड्यात जरा सरावल्या. सिस्टर प्रेशरचा पट्टा गुंडाळत होत्या तेव्हा त्यांनी सिस्टरांचं मनगट धरलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सिस्टर, घरी कुणाला बोलले नाही, पण तुम्हाला सांगते—"

"बोलू नका," सिस्टर म्हणाल्या. "पट्टा लावलेला असताना बोललं की आकडा चुकतो."

आकडा आला, त्यांनी तो वहीत लिहिला, पट्टा सोडला आणि बाई पुन्हा तोंड उघडायच्या आत पुढच्या खुर्चीकडे गेल्या.